नायजेरियातील फुलानी पशुपालक आणि शेतकरी : वाद मिटवायचा तर सुरुवात कुठून करायची?

माळरान (धागाकर्ता)

नायजेरियाच्या बेन्वे, प्लॅटो, तराबा, नसरावा, कदुना या राज्यांतून गेल्या काही वर्षांत येणाऱ्या बातम्यांचा साचा ठरून गेला आहे : अमुक गावावर रात्री हल्ला, इतके मृत, हल्लेखोर फुलानी पशुपालक असल्याचा संशय. आपल्याकडे ही बातमी आलीच तर चार ओळींत येते आणि तिच्यावर एक तर 'धार्मिक संघर्ष' असा शिक्का असतो, नाही तर 'हवामानबदलाचे बळी' असा. दोन्हींत तथ्य आहे. पण वाद मिटवायचा कसा, या प्रश्नापुढे दोन्ही उत्तरे सारखीच निरुपयोगी ठरतात, कारण कोणाचा धर्म बदलता येत नाही आणि कोणाला पाऊस पाडता येत नाही. ज्या गोष्टी माणसांनी मोडल्या आणि म्हणून माणसांना पुन्हा उभारता येतील, त्यांच्यावर बोलावे एवढ्यासाठी हा धागा.

फुलानी समाज सेनेगलपासून मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकापर्यंत आणि त्याच्याही पूर्वेला पसरलेला आहे. त्यांच्यातले पुष्कळ लोक पिढ्यान्‌पिढ्या शहरांत आणि गावांत स्थायिक आहेत, शेती करतात, व्यापार करतात; गुरांमागे फिरणारे हा त्यांच्यातला केवळ एक भाग. उत्तर नायजेरियात पाऊस संपला, की हे कळप हळूहळू दक्षिणेकडे, बेन्वे आणि नायजर या नद्यांच्या खोऱ्यांकडे सरकतात आणि एप्रिल-मेमध्ये पाऊस सुरू झाला, की उत्तरेकडे परततात. या येण्याजाण्यात दोन काळ नाजूक असतात. दक्षिणेला येताना उशिरा निघणारी पिके अजून शेतात उभी असतात आणि परत जाताना नव्या पेरण्या नुकत्याच उगवलेल्या असतात. बरीच भांडणे नेमकी या दोन काळांत पेटतात, हे लक्षात घेतले म्हणजे उपायाचा निम्मा भाग वेळापत्रकाचा आहे हे ध्यानात येते.

पूर्वी हे वेळापत्रक निसर्गच पाळून घेत असे. दक्षिणेच्या दमट पट्ट्यात त्सेत्से माशी होती, तिच्या चावण्याने गुरांना जीवघेणा रोग होई, म्हणून पावसाळ्यात कळप तिथे थांबतच नसत. पुढे औषधे आली, फवारणी झाली, जंगल तुटले आणि ती अदृश्य सीमा दक्षिणेकडे सरकत गेली. त्यातच साहेल पट्ट्यात, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या प्रदेशात, १९६८ ते १९७४ आणि पुन्हा १९८३-८४ मध्ये भीषण दुष्काळ पडले आणि अनेक कुटुंबे कायमची दक्षिणेत आली. दुसऱ्या बाजूने शेतीही वाढत होती. देशाची लोकसंख्या विसाव्या शतकाच्या मध्याला साडेतीन कोटींच्या आसपास होती, ती आता वीस कोटींच्या बरीच पुढे गेली आहे. नदीकाठची गाळपेर जमीन, जिला तिकडे 'फदामा' म्हणतात, ती कोरड्या महिन्यांत गुरांचा शेवटचा आधार होती. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने त्याच जमिनीवर पंप आणि भाजीपाला आला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती योजना चांगलीच होती, पण गुरांनी उन्हाळ्यात जायचे कुठे, याचा विचार आराखड्यात उशिरा शिरला.

आता माझा मुख्य मुद्दा. ब्रिटिश काळापासून उत्तरेत 'जंगाली' नावाचा गुरांवरचा कर होता. तो गावप्रमुखांमार्फत गोळा होई आणि त्याचा काही हिस्सा स्थानिक कारभाराला मिळे. कर कोणालाच आवडत नसतो आणि त्याच्या वसुलीत जुलूमही झाला. परंतु त्यामुळे प्रत्येक गावप्रमुखाला आपल्या हद्दीत कोणते कळप आहेत हे माहीत असे, फुलानींच्या 'अर्दो' म्हणजे म्होरक्याशी त्याचा संबंध राही आणि कळपांची वाट मोकळी ठेवण्यात गावाचाही फायदा असे. १९७० च्या दशकात हा कर रद्द झाला. पशुपालकांवरचा बोजा गेला, त्याबरोबर गावाला त्यांची असलेली गरजही गेली. १९६५ च्या चराई राखीव क्षेत्रांच्या कायद्याखाली उत्तरेत ४१५ क्षेत्रे आखण्याचा विचार होता, पण राजपत्रात रीतसर नोंद झाली ती जेमतेम १४१ क्षेत्रांची आणि त्यांपैकीही अनेकांवर आज शेती उभी आहे. गुरांच्या वाटा, म्हणजे तिकडच्या भाषेत 'बुर्ताली', नांगरल्या गेल्या. १९७८ च्या जमीन कायद्याने जमिनीचा ताबा राज्यांच्या गव्हर्नरांकडे दिला, आणि ज्याच्याकडे ना सातबाऱ्यासारखा कागद ना त्या गावचा मूळ रहिवासी असल्याचा दाखला, तो फिरता पशुपालक या सगळ्या व्यवस्थेच्या बाहेर राहिला.

या पार्श्वभूमीवर मे २०१७ मध्ये बेन्वे राज्याने, सॅम्युएल ओर्तोम गव्हर्नर असताना, मोकळी चराई बंद करणारा कायदा केला. १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. १ जानेवारी २०१८ ला आणि त्यानंतरच्या दिवसांत गुमा आणि लोगो भागांत हल्ले झाले आणि ११ जानेवारीला मकुर्दी शहरात ७३ जणांचा सामुदायिक दफनविधी झाला. इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुपच्या अंदाजानुसार त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांतच या संघर्षात १,३०० हून अधिक माणसे मारली गेली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने जानेवारी २०१६ ते ऑक्टोबर २०१८ या काळात किमान ३,६४१ मृत्यू नोंदवले.

माझे मत असे, की पर्याय उभा न करता घातलेली बंदी हा कायदा नसून केवळ इशारा असतो. आणि कोणताही तोडगा टिकायचा असेल, तर गावाला कळपाची आणि कळपाला गावाची जी गरज पूर्वी होती, ती नव्या रूपात निर्माण करावी लागेल. सदस्यांची मते वाचायला आवडतील.

शिवारवाट

धागा अभ्यासपूर्ण आहे, पण त्याच्या मांडणीवर माझा मूलभूत आक्षेप आहे. 'शेतकरी आणि पशुपालक यांचा वाद' असे म्हटले, की दोन समान पक्ष बांधावरून भांडत आहेत असे चित्र डोळ्यांसमोर येते. २०२३ च्या नाताळच्या आदल्या रात्री प्लॅटो राज्यात बोकोस आणि बार्किन लादी भागांतल्या गावांवर जे हल्ले झाले आणि ज्यांत दीडशेहून अधिक माणसे मारली गेली, ते कोणत्या पिकाच्या नासाडीवरून झाले? जून २०२५ मध्ये बेन्वेतल्या येलवाता या गावात एका रात्रीत किमान शंभर माणसे मेली, असे ॲम्नेस्टीने सांगितले; त्यांत आधीच्या हल्ल्यांतून जीव वाचवून तिथे आसऱ्याला आलेली कुटुंबेही होती. जो बंदूक घेऊन रात्री येतो तो गवत शोधायला आलेला नसतो. या भागातल्या तिव आणि बेरोम या शेतकरी समाजांच्या मनात एकोणिसाव्या शतकातल्या, फुलानींच्या नेतृत्वाखालील सोकोतो खिलाफतीच्या स्वाऱ्यांची आठवण जिवंत आहे आणि आजचे हल्ले त्यांना जमीन बळकावण्याच्या त्याच जुन्या मोहिमेचा पुढचा भाग वाटतात. त्यांचे हे वाटणे आपण येथे बसून अतिशयोक्त ठरवू नये.

तेव्हा कर, वाटा आणि वेळापत्रके हे सगळे नंतर. आधी खुनाचा तपास झाला पाहिजे, अटक झाली पाहिजे, खटला उभा राहिला पाहिजे. ज्या गावाने सामुदायिक दफन केले आहे त्या गावाला समेटाच्या बैठकीला बोलावणे मला क्रूर वाटते.

माळरान

शिवारवाट, तुमचा आक्षेप मी टाळत नाही. खुनाला शिक्षा व्हायलाच हवी आणि ती होत नाही, हे या प्रश्नाचे सर्वांत गंभीर अंग आहे, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. मात्र शिक्षा न होण्याचे परिणाम एकाच बाजूला भोगावे लागलेले नाहीत. जून २०१७ मध्ये तराबातल्या मांबिला पठारावर मोठ्या संख्येने फुलानी मारले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अदामावा राज्यात नुमानजवळच्या फुलानी वस्त्यांवर हल्ले झाले, त्यांत बळी गेलेल्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती, आणि पुढच्याच महिन्यात त्याचा सूड म्हणून शेतकऱ्यांची गावे जळली. गुरे चोरणाऱ्या टोळ्यांनी वायव्येकडच्या झामफारासारख्या राज्यांत हजारो फुलानी कुटुंबांना निष्कांचन केले आणि त्याच टोळ्यांत पुढे फुलानी तरुण भरती झाले. पोलिसांकडून काही होत नाही हे दोन्हींकडच्या लोकांना अनुभवाने कळले आहे. म्हणून एकाने गावरक्षक दल काढले आणि दुसऱ्याने बंदूक घेतली. २०११ नंतर लिबियातून सुटलेल्या शस्त्रांनी ती बंदूक स्वस्त केली.

येथे व्यवस्थेतली एक विचित्र गोष्ट नोंदवतो. जमीन राज्यांच्या हातात आहे, पण पोलीस संपूर्णपणे केंद्राच्या हातात आहेत. गव्हर्नर चराईबंदीचा कायदा करू शकतो, पण तो लागू करणारा शिपाई त्याच्या हुकमतीत नाही. बेन्वेने म्हणूनच स्वतःचे 'पशुधन रक्षक' नेमले, आणि ज्यांची गुरे त्यांनी पकडली त्यांच्या दृष्टीने ते कायद्याचे रक्षक नव्हते, तर विरुद्ध पक्षाचे लोक होते. उलट केंद्र सरकारने २०१९ मध्ये 'रुगा' नावाची पशुपालकांच्या वस्त्यांची योजना जाहीर केली, तेव्हा त्याच्याकडे पोलीस होते पण जमीन नव्हती. राज्यांनी विरोध केला आणि काही आठवड्यांत योजना स्थगित झाली. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष बुहारी स्वतः फुलानी होते, त्यामुळे योजनेच्या हेतूवर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते, हेही खरे.

पिकाच्या नासाडीचे भांडण आणि गावावरचा सशस्त्र हल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण न मिटलेली छोटी भांडणे साचत गेली नसती, तर मोठ्या हल्लेखोरांना आसरा, खबर आणि सबब इतक्या सहज मिळाली नसती.

कदुनाकर

नोकरीनिमित्त मी काही वर्षे कदुनात राहिलो आहे, म्हणून थोडे लिहितो. ज्याने हा भाग केवळ बातम्यांतून पाहिला आहे त्याला तिथे रोजचा व्यवहार किती एकमेकांत गुंतलेला होता याची कल्पना येत नाही. फुलानी स्त्रिया डोक्यावर तुंब्यात आंबवलेले दूध, म्हणजे 'नोनो', घेऊन बाजारात येत आणि बाजरीच्या गोळ्यांबरोबर कालवून ते खाणे हा कोणाही धर्माच्या माणसाचा दुपारचा फराळ असे. दुधाचे पैसे त्या स्त्रियांचे स्वतःचे असत. त्यातून त्या शेतकऱ्यांच्या बायकांकडून धान्य घेत. कोणत्या वस्तीशी बिनसले आहे आणि कोणाच्या शेतात गुरे शिरली आहेत, हे पुरुषांच्या बैठकीआधी या बायकांना ठाऊक असे. तरीही समेटाच्या बहुतेक समित्यांत बसतात ते गावप्रमुख, अर्दो, इमाम आणि पाद्री, म्हणजे सगळे पुरुष. माझ्या मते हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही. माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांनाच बाहेर ठेवले जाते.

दुसरी गोष्ट अर्दोच्या अधिकाराची. जुने अर्दो तक्रार आल्यावर नासाडी पाहायला स्वतः शेतात जात आणि भरपाईचा शब्द देत. आता कळपामागे चालणारा मुलगा पुष्कळदा मालकाचा मुलगा नसतोच, तो पगारी असतो. गुरे शहरातल्या व्यापाऱ्याची, निवृत्त अधिकाऱ्याची किंवा पुढाऱ्याची असतात. त्या मालकाचा त्या गावाशी काहीही संबंध नसतो आणि अर्दोची त्याच्यावर काही सत्ता नसते. भरपाई मागायची कोणाकडे? कळपाची नोंद मालकाच्या नावाने करा, अशी मागणी दोन्ही समाजांतल्या गरिबांच्या हिताची आहे आणि म्हणूनच ती पुढे सरकत नाही, अशी मला शंका येते.

शिवारवाट यांनी समेटाच्या बैठकीबद्दल जे लिहिले ते मला समजते. पण कदुनातच इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये यांचे उदाहरण आहे. दोघेही एके काळी एकमेकांविरुद्धच्या सशस्त्र गटांत होते, त्या दंगलींत वुये यांनी एक हात गमावला आणि अशाफा यांचे आप्त मारले गेले. १९९५ पासून ते दोघे मिळून आंतरधर्मीय मध्यस्थीची संस्था चालवतात. त्यांनी न्यायाला पर्याय दिला असे कोणी म्हणत नाही. पण न्यायालय येईपर्यंत दुसरे गाव जळू नये, एवढे काम अशा मध्यस्थीने अनेकदा केले आहे.

(जाता जाता : तिथल्या पांढऱ्या, लांब शिंगांच्या, वशिंडाच्या गाई पाहून मला प्रथम आपल्याच गुरांची आठवण झाली होती. वशिंडाच्या गुरांचे मूळ आपल्या उपखंडात आहे, हे नंतर वाचले.)

बांधावरचा

मी शेतकरी आहे आणि आमच्या भागात दर वर्षी मेंढरांचे वाडे येतात, त्यामुळे हा विषय मला अगदी परका वाटला नाही. सुगी झाल्यावर वाघर लावून शेतात मेंढ्या बसवून घेणे आणि त्या खताच्या बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे देणे, हा व्यवहार आम्हीही करतो. उभ्या पिकात मेंढरे शिरली तर भांडणेही होतात. परंतु आमच्याकडे त्या भांडणाला जायला पायऱ्या आहेत : आधी चार जाणती माणसे, मग पंचनामा, आणि १८७१ च्या कायद्यापासून चालत आलेला कोंडवाडा. कोंडवाड्याला आपण हसतो, पण जनावर अडवायचे, दंड भरला की सोडायचे आणि कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही, एवढे त्याने शिकवले.

माझा प्रश्न साधा आहे. नायजेरियात नासाडी झाली तर तिची किंमत कोण ठरवतो, किती दिवसांत ठरवतो आणि पैसे न दिल्यास पुढे काय होते? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर बाकीचे मोठे करार कागदावरच राहतील असे मला वाटते.

माळरान

बांधावरचा, धाग्यातला सर्वांत नेमका प्रश्न तुम्ही विचारलात. जुन्या पद्धतीत गावप्रमुख आणि अर्दो मिळून शेत पाहत आणि आकडा ठरवत. आज पुष्कळ ठिकाणी प्रकरण थेट पोलिसांकडे जाते. दोन्ही बाजूंची एक तक्रार तर शब्दशः सारखी आहे : पोलीस आणि न्यायालय शेतकऱ्याकडून तक्रार नोंदवायला पैसे घेतात, पशुपालकाकडून सुटकेसाठी त्याहून जास्त घेतात आणि ज्याचे पीक गेले त्याच्या हातात काही पडत नाही. त्यामुळे शेतकरी पुढच्या वेळी गाईवर कोयता चालवतो. गाय मेली, की पशुपालकाच्या दृष्टीने घरातले माणूस मेल्यासारखे होते आणि तिथून पुढे पिकाचा हिशेब उरतच नाही.

जिथे शेतकरी व पशुपालकांच्या संयुक्त समित्या नीट चालल्या तिथे त्यांनी काही फार मोठे केलेले नाही. तक्रार आल्याबरोबर पीक ताजे असतानाच दोन्ही बाजूंची माणसे शेतात गेली, आकडा सर्वांसमोर ठरला आणि पैसे त्याच हंगामात मिळाले. भरपाई थोडी कमी मिळाली तरी चालते, उशिरा मिळून चालत नाही. मात्र एक उणीव राहते. समितीच्या निर्णयाला कायद्याचे पाठबळ नसते. ज्याला तो मान्य नाही तो सरळ उठून जातो.

नकाशेवाला

नायजेरियाच्या उत्तरेला लागून असलेल्या नीजेरचा अनुभव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. नाव सारखे असल्याने आपल्याकडे दोन्ही देशांची गल्लत होते. तिथेही फुलानी आणि हौसा शेतकरी यांच्यात चकमकी होतात, गरिबी तर अधिक आहे, पण कायद्याची घडी वेगळी आहे. १९६१ मध्येच त्या देशाने शेतीची एक उत्तर मर्यादा कायद्याने आखली. तिच्या पलीकडे पीक घेतले आणि गुरांनी खाल्ले तर भरपाई मागता येत नाही. शेते त्या रेषेच्या कितीतरी पुढे सरकली, म्हणजे रेषा पाळली गेली असे नाही. पण १९९३ च्या ग्रामीण संहितेने गावापासून प्रदेशापर्यंत जमीन आयोग निर्माण केले, त्यांत पशुपालकांनाही जागा दिली, आणि २०१० च्या पशुपालनविषयक वटहुकमाने कळप हलवण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. मला सर्वांत उपयुक्त वाटते ती 'शेते मोकळी करण्याची' तारीख. सुगीनंतर दर वर्षी प्रशासन, शेतकरी आणि पशुपालक मिळून एक दिवस ठरवतात. त्या दिवसाआधी गुरे शेतात शिरली तर पशुपालक दोषी, आणि त्यानंतर पीक उभे ठेवले तर जोखीम शेतकऱ्याची. धागाकर्त्याने ज्या वेळापत्रकाचा उल्लेख केला ते हेच.

मालीचे उदाहरण त्याहून जुने आहे आणि त्याहून गुंतागुंतीचेही. नायजर नदीच्या आतल्या त्रिभुज प्रदेशात पुराच्या वेळी भात होतो आणि पूर ओसरला की त्याच पाणथळ जमिनीत 'बुर्गू' नावाचे गवत गुरांना मिळते. १८१८ मध्ये मासिनाचे राज्य स्थापन करणाऱ्या सेकू आमादू या फुलानी राज्यकर्त्याने 'दिना' म्हणून ओळखली जाणारी व्यवस्था घातली : कोणत्या कुळाचा कळप कोणत्या वाटेने, कोणत्या क्रमाने कुरणात शिरेल हे ठरलेले. जाफाराबे येथे कळप नदी ओलांडतात त्या सोहळ्याची तारीख आजही भाताची कापणी पाहून बैठकीत ठरते आणि युनेस्कोने २००८ मध्ये त्या सोहळ्याला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

पण या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरू नये. कुरणांचे रखवालदार असलेले 'जोव्रो' पुढे प्रवेशासाठी वाढत्या रकमा मागू लागले, अधिकाऱ्यांना वाटा देऊ लागले, आणि गरीब फुलानी पशुपालक स्वतःच्याच कुरणात परका झाला. आमादू कुफा याच्या जिहादी गटाने ज्या गोष्टींवर पाठिंबा मिळवला त्यांत हे शुल्क कमी करणे ही एक होती. प्रत्युत्तरादाखल दोगोन शेतकऱ्यांची सशस्त्र दले उभी राहिली आणि २३ मार्च २०१९ ला ओगोसागू या फुलानी गावात दीडशेहून अधिक लोकांची कत्तल झाली. म्हणून 'जुन्या रूढी परत आणा' एवढे म्हणून भागत नाही. जुन्या रूढीत कोणाची कोणावर सत्ता होती, हेही विचारावे लागते. जंगाली कराबद्दल माळरान यांनी जे थोडे हळवेपणाने लिहिले आहे त्यालाही हे लागू आहे.

शिवारवाट

नकाशेवाला यांचा प्रतिसाद आवडला. विशेषतः तारखेची कल्पना मला पटते, कारण तिच्यात दोष कोणाचा हे आधीच ठरते. तरीही एक प्रश्न उरतोच : इतके सगळे करण्यापेक्षा बंदिस्त गोठे आणि कुरणे का नकोत? २०२१ च्या मे महिन्यात दक्षिणेकडच्या गव्हर्नरांनी असाबा येथे एकत्र येऊन मोकळी चराई बंद करण्याचे ठरवले. जगभर गुरे एका जागी पाळली जातात. फिरस्ती हा कोणाचा परंपरागत हक्क असेलही, पण त्याची किंमत दुसऱ्याने पिकाने का मोजावी?

कदुनाकर

शिवारवाट, तत्त्वतः तुमच्याशी वाद नाही आणि अनेक तरुण फुलानींनाही स्थिर जीवन हवे आहे. मुलांची शाळा आणि दवाखाना कोणाला नको असतो? पण तीस-चाळीस गुरांच्या मालकाने बंदिस्त पालन करायचे तर त्याला जमीन लागेल, कोरड्या सहा महिन्यांचा चारा लागेल, विहीर लागेल. जमीन गव्हर्नरकडून मिळवायची, आणि ज्या राज्यात त्याचे आजोबा जन्मले तिथेही त्याला मूळ रहिवासी मानले जात नाही. म्हणजे बंदिस्त पालनाचा फायदा घेऊ शकेल तो ज्याच्याकडे आधीच ओळखी आहेत असा शहरी मालक. गरीब पशुपालक एक तर पगारी गुराखी होईल, नाही तर टोळीत जाईल. २०१९ च्या राष्ट्रीय पशुधन परिवर्तन योजनेत दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने हे करण्याचा विचार होता आणि राज्यांचा सहभाग ऐच्छिक होता. कल्पना वाईट नव्हती, पण पैसा आणि विश्वास दोन्ही कमी पडले. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष तिनुबू यांच्या सरकारने पशुधन विकासाचे स्वतंत्र मंत्रालय निर्माण केले आहे. त्यामुळे गुरांचा प्रश्न निदान शेतीच्या टेबलावरच्या शेवटच्या फाइलीत राहणार नाही.

आणखी एक प्रसंग. फेब्रुवारी २०२१ मध्ये दक्षिणेतल्या इबादान शहराच्या शाशा बाजारात दंगल झाली, त्यानंतर उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांनी दक्षिणेला गुरे आणि धान्य पाठवणे काही दिवस बंद केले. दक्षिणेत मांस, कांदे, टोमॅटो यांचे भाव चढले आणि उत्तरेत टोमॅटो सडले. दोन्ही बाजूंना ते परवडले नाही आणि वाटाघाटी लवकर झाल्या. कळपाला गावाची गरज आहे का, या माळरान यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या आठवड्यात सर्वांना दिसले होते, फक्त ते गावाच्या नव्हे तर देशाच्या पातळीवर.

बांधावरचा

भरपाईबद्दलचे उत्तर वाचले, आभारी आहे. आता वाटांबद्दल विचारतो. बुर्ताली पुन्हा मोकळ्या करायच्या म्हटले, तर ज्याने त्या वाटेवर वीस-तीस वर्षे शेती केली त्याचे काय? आमच्याकडे पाणंद मोकळी करायला तहसीलदार आला तरी दोन पिढ्यांचे वैर उभे राहते.

नकाशेवाला

पूर्व चाडमध्ये १९९० च्या दशकापासून हे काम फ्रेंच मदतीने झाले आहे. तिथले पशुपालक मुख्यतः अरब आहेत, फुलानी नव्हेत, पण अडचण तुम्ही म्हणता तीच होती. त्यांनी जुना नकाशा काढून 'ही वाट, उठा' असे केले नाही. आधी वाटेवर आणि तिच्या दूरच्या टोकांना विहिरी आणि तळी केली, जेणेकरून कळपांना शेतांच्या पट्ट्यात लवकर येण्याची घाई उरू नये. मग टप्प्याटप्प्याने प्रत्येक गावाशी बोलून वाट आखली आणि जिथे शेते हटणे शक्य नव्हते तिथे वाटच वळवली. आखणी झाल्यावर खुणेचे खांब रोवले आणि ते सांभाळायला दोन्ही बाजूंच्या लोकांची समिती नेमली. अर्थात एका गावाने नकार दिला तरी शेकडो किलोमीटरची वाट निरुपयोगी होते, म्हणून अशा कामाला वर्षे लागतात आणि निवडणुकीच्या आत दाखवण्यासारखे त्यात काही नसते.

सीमेपलीकडच्या कळपांसाठी पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायाने १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय दाखला ठरवला : कळपाचा मार्ग, गुरांची संख्या, लसीकरण, प्रवेशाचे ठिकाण सगळे त्यात नोंदवायचे. व्यवहारात अनेक कळप दाखल्याशिवाय जातात, नाही तर दाखला दाखवूनही नाक्यावर पैसे द्यावे लागतात. शेवटी २०१९ मध्ये बेनिनने परदेशी कळपांना बंदीच केली.

माळरान

नकाशेवाला यांनी जंगालीबद्दल जो चिमटा काढला तो योग्य आहे. तो कर परत यावा असे मला म्हणायचे नव्हते. त्याच्या जागी चराईचे माफक शुल्क आणि दुधाची खरेदी असे काही असू शकेल. गावाने आखलेल्या कुरणात ठरलेल्या तारखेपासून ठरलेल्या तारखेपर्यंत कळप राहील, शुल्काची पावती मालकाच्या नावाने फाटेल, आणि ते पैसे गावाच्या विहिरीवर आणि नासाडीच्या भरपाई निधीत जातील. पावतीवर मालकाचे नाव आले, म्हणजे कदुनाकर यांनी सांगितलेला शहरातला अदृश्य मालकही नोंदीत येतो.

शिवारवाट यांच्या पहिल्या अटीला मात्र यातले काहीच पर्याय नाही. येलवाताचा आणि नुमानचा तपास वेगळ्या मार्गाने आणि वेगळ्या यंत्रणेकडून व्हावा लागेल. त्या खटल्यांत दोन्ही समाजांचे आरोपी उभे राहिले पाहिजेत, आणि तोपर्यंत कुरण समितीच्या बैठकीला जो शेतकरी येणार नाही त्याला कोणी दोष देऊ नये, एवढे मी त्यांच्याकडून शिकलो आहे. समित्यांच्या निर्णयाला राज्याच्या कायद्यात स्थान कसे देता येईल, यावर कोणा कायदेतज्ज्ञ सदस्याने लिहिल्यास चर्चा पुढे नेता येईल.